बँकॉक: पट्टाया वगळून चार दिवस. देवळं, नदी आणि रात्र (माहितीचा धागा)

नळस्टॉप:
ट्रॅव्हल कंपन्यांच्या थायलंड पॅकेजात बँकॉकच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो आणि त्यातला अर्धा मॉलमध्ये जातो. म्हणून डिसेंबरात चार पूर्ण दिवस फक्त बँकॉकला द्यायचं ठरतंय. चौघं जण आहोत, दोघं पस्तिशीचे आणि दोघं साठी ओलांडलेले. ज्येष्ठ मंडळी शुद्ध शाकाहारी, त्यातलं एक जण कांदा-लसूणही खात नाही. दिवसा राजवाडा आणि देवळं, संध्याकाळी नाच-नाटक-संगीत, आणि आम्हा दोघांना एखादी रात्र बाहेर, असं डोक्यात आहे. राहायचं कुठे, फिरायचं कशाने, फसवणूक कुठे होते, रात्री काय पाहण्यासारखं आहे? "झकास शहर आहे, मजा करा" छापाचे प्रतिसाद नकोत. वेळा, भाडी, अडचणी लिहा.

दर्यावर्दी:
आधी नकाशा. पर्यटक ज्यासाठी जातात ते जुनं शहर, म्हणजे रत्तनकोसिन, चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर आहे. आणि बहुतेकांची हॉटेलं असतात सुखुमवितला. उन्नत रेल्वे (बीटीएस, १९९९) जुन्या शहरात जातच नाही. मग लोक सुखुमवितहून टॅक्सी करतात, तासभर सिग्नलला उभे राहतात आणि राजवाड्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. बँकॉक "थकवणारं" म्हणतात त्याचं निम्मं कारण हेच.

राहायचं सिलोम-साथोन भागात. साला देंग हे बीटीएस स्टेशन आणि सिलोम हे भुयारी एमआरटीचं स्टेशन एकमेकांना जोडलेलं आहे. बीटीएसने सफान ताक्सिनला उतरलात की २ नंबरच्या दाराबाहेरच साथोनचा धक्का. तिथून नारिंगी झेंड्याची बोट पकडायची. कुठेही उतरा, भाडं एकच, १६ बाट. उत्तरेकडे जाणारी पकडा, ता तिएन (वात फो; वात म्हणजे देऊळ) आणि ता चांग (राजवाडा) हे धक्के त्याच वाटेवर. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांची, जास्त भाड्याची. धक्क्यावर उभी असलेली माणसं तिचंच तिकीट पुढे करतात किंवा लांब शेपटीची खासगी होडी गळ्यात मारतात. "ऑरेंज फ्लॅग" म्हणायचं आणि पुढे जायचं. नारिंगी बोट संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास बंद होते, रात्रीच्या परतीला तिच्यावर विसंबू नका.

बोट नको असेल तर एमआरटीच्या निळ्या मार्गाचं सनाम चाय स्टेशन (२०१९). वात फोला पाच मिनिटं, राजवाड्याच्या दाराला पंधरा मिनिटं चालत. स्टेशनच राजसभेसारखं सजवलंय, दोन मिनिटं थांबून बघा.

एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट टेकवता येतं. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये "आंतरराष्ट्रीय" आणि "कॉन्टॅक्टलेस" हे दोन्ही पर्याय चालू करा. पहिला चालू आणि दुसरा बंद, म्हणून फाटक उघडत नाही, हा भारतीय कार्डांचा नेहमीचा घोळ. एका कार्डावर एकच माणूस. बीटीएसला रॅबिट कार्ड घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. दोन्ही कंपन्या वेगळ्या, त्यामुळे गाडी बदलली की तिकीट नवं. दोन्ही रेल्वे साधारण मध्यरात्री थांबतात.

सुरंगी:
दर्यावर्दींना +१. मी राजवाड्यापुरतं लिहिते.

ग्रँड पॅलेस सकाळी ८:३० ला उघडतो, तिकीटविक्री ३:३० ला बंद. परदेशी माणसाला ५०० बाट. साडेआठलाच दारात असा, दहानंतर बसच्या बस रिकाम्या होतात आणि आवारात सावली फार थोडी. कपडे: खांदे झाकलेले, पँट किंवा स्कर्ट घोट्यापर्यंत. बिनबाह्यांचा टॉप आणि वर ओढणी चालत नाही. फाटक्या जीन्स, घट्ट लेगिंग्ज, शॉर्ट्स दारातूनच परत. साडी किंवा पूर्ण बाह्यांचा सलवार-कुर्ता बिनघोर. बाहेर हत्तीछाप पायजमे विकायला असतातच, पण रांगेतून बाहेर पडून ते घेण्यात वेळ जातो. पायात सहज काढता येतील अशा चपला घाला.

वात फ्रा केव म्हणजे पाचूबुद्धाचं मंदिर याच आवारात. मूर्ती जेड जातीच्या हिरव्या दगडाची आणि फक्त ६६ सेंटीमीटर उंच, शिवाय उंच आसनावर. लांबून ती बोटभर दिसते म्हणून लोक हिरमुसतात. छोटी दुर्बीण जवळ ठेवा. मूर्तीला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशी तीन सोन्याची वस्त्रं आहेत आणि ती बदलण्याचा विधी राजा करतो. डिसेंबरात तुम्हाला अंगभर सोन्याच्या जाळीचं हिवाळी वस्त्र दिसेल. गाभाऱ्यात फोटो नाही. बसताना तळपाय मूर्तीकडे करायचे नाहीत, पाय मागे दुमडून बसा.

खरी गंमत भोवतालच्या ओवरीत आहे, आणि तिथे गाईडसुद्धा पाच मिनिटांत आटपतात. भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामकियेन, म्हणजे थाई रामायण. सुरुवात उत्तरेच्या भिंतीपासून, जनकाला नांगराच्या तासात सीता सापडते तिथून, आणि पुढे प्रदक्षिणेच्या दिशेने. आपल्याला कथा ठाऊक असते, त्यामुळे फरक शोधत जाता येतं. इथे सीता ही रावणाचीच (तोत्सकान, म्हणजे दशकंठ) टाकून दिलेली मुलगी. हनुमान पांढरा आणि चक्क रंगेल: सेतूचे दगड पळवणारी मत्स्यकन्या सुपन्नमच्छा ही रावणाची दुसरी मुलगी, हनुमान तिच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगाही होतो. मयराप म्हणजे आपला महिरावण. त्याच्यापासून रामाला वाचवण्यासाठी हनुमान आकार वाढवून रामाचा अख्खा तंबू तोंडात धरतो, ते चित्र चुकवू नका. दारांवरचे उंच राक्षस याच कथेतले. हिरवा, मुकुटावर मुंडक्यांची उतरंड असलेला तो तोत्सकान. या ओवरीला तास-दीड तास द्या आणि राजवाड्याची बाकीची दालनं बाहेरूनच पाहा, आत फारसं जाऊ देत नाहीत.

तिकीट फेकू नका. त्याच तिकिटावर सोमवार ते शुक्रवार साला चालेमक्रुंग नाट्यगृहात खोनचा, म्हणजे रामकियेनवरच्या मुखवटे घालून केलेल्या नृत्यनाट्याचा, छोटा प्रयोग पाहता येतो. वेळा तिकीटखिडकीवर विचारा.

तिकटी:
राजवाडा निघालाच आहे तर तिथली फसवणूक. भिंतीलगत चालताना नीटनेटका, इंग्रजी बोलणारा माणूस थांबवतो: "आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल." मग तोच नकाशावर दोन-तीन देवळं खुणा करून देतो आणि ४० बाटमध्ये सगळं फिरवणारी टुकटुक योगायोगाने बाजूलाच उभी असते. टुकटुकवाला एका देवळानंतर शिंप्याकडे आणि मग "आज शेवटचा दिवस, सरकारी सवलत" असलेल्या रत्नांच्या दुकानात नेतो. भाड्याचा तोटा दुकानाच्या कमिशनमधून भरून निघतो. देवळातही एक "सहज भेटलेला" माणूस असतो, तो तेच दुकान सांगतो. दुसऱ्याने दुजोरा दिला की शंका मावळते, सगळी मेख तिथेच आहे. रत्नं खरी असली तरी किंमत अनेकपट, आणि भारतात विकून नफा होईल हे निव्वळ थाप.

राजवाडा बंद आहे की नाही हे फक्त दारावरच्या गणवेशधारी माणसाला विचारायचं. पर्यटक पोलीस: ११५५, इंग्रजी बोलतात.

टॅक्सी: दारात बसण्याआधी "मीटर?" विचारा, नाही म्हणाला तर पुढची. मीटर ३५ बाटला सुरू होतं. पर्यटनस्थळाबाहेर उभी असलेली टॅक्सी ठोक भाडंच मागणार, शंभर पावलं चालून धावती थांबवा. ग्रॅब आणि बोल्ट ही ॲपं चालतात. पण पावसात आणि संध्याकाळी ४ ते ८ ना मीटर परवडत ना ॲप, तेव्हा रेल्वेच.

सुवर्णभूमी विमानतळावरून: रेल लिंकने फाया थाय स्टेशनपर्यंत ४५ बाट, अर्धा तास. टॅक्सी हवी तर तळमजल्याच्या यंत्रातून चिठ्ठी घ्या. मीटरवर ५० बाट विमानतळ आकार आणि वरून टोल प्रवाशाने द्यायचा, ही फसवणूक नाही, नियमच आहे. चौघं आणि चार बॅगा असतील तर मोठी गाडी मागा. बऱ्याच टॅक्सींच्या डिकीत गॅसची टाकी असते, जागा निम्मीच उरते.

कमळकाकडी:
शाकाहाराचं मी सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

"व्हेज" शब्द वापरू नका. थाई स्वयंपाकात मासळीचं पाणी (नाम प्ला), शिंपल्यांचा सॉस आणि कोळंबीचा गोळा (कापी) हे मसाले समजले जातात, मांस नाही. त्यामुळे "नो मीट" म्हटलं की तुकडे काढले जातात, सॉस राहतो. पपईचं सोम ताम दिसायला कोशिंबीर, पण कुटतानाच त्यात सुकट आणि नाम प्ला पडतं. हिरव्या-लाल करीच्या वाटणात कापी असतेच, ती वेगळी काढता येत नाही. भाज्यांचं सूपही बहुधा डुकराच्या हाडांच्या पाण्यात.

शब्द हवा तो "जे". हा चिनी-बौद्ध परंपरेचा आहार: मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, आणि कांदा, लसूण, पात वगैरे उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. म्हणजे तुमच्या कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी "जे" आयतंच. (बटाटा, गाजर, मुळा चालतात, त्यामुळे जैन मंडळींनी कंदमुळांचं वेगळं विचारावं.) खूण: पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरं, साधारण इंग्रजी आकड्यातल्या १७ सारखी. तोंडी "किन जे", मी जे खातो. "मांगसविरात" म्हणजे फक्त मांस वर्ज्य, त्यात अंडं, कांदा-लसूण येऊ शकतात.

मिळतं कुठे? मॉलमधल्या बऱ्याच फूडकोर्टांत एक जे काउंटर असतं. असोकच्या टर्मिनल २१ मधलं फूडकोर्ट स्वस्त आहे: आधी पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले परत मिळतात. याओवरात म्हणजे चायनाटाउनमध्ये जे दुकानं भरपूर. फाहुरात हा तिथला भारतीय पेठेचा भाग, साम योत स्टेशनपासून चालत. पोळी-भाजी मिळते आणि तिथल्या मोठ्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. गोडात आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात (खाव निआव मामुआंग) निर्धास्त. सेव्हन-इलेव्हनमधल्या गरम सँडविचांत बहुतेक वेळा हॅम, चित्र पाहून उचला. सोयादूध आणि फळं कुठेही.

पाकिटावर मुदत संपल्याचं वर्ष २५६९ दिसलं तर दचकू नका, बुद्धसंवत आहे. ५४३ वजा करा.

नळस्टॉप:
कमळकाकडी, "जे"चा हा उपयोग कुठल्याच ब्लॉगवर दिसला नव्हता, धन्यवाद. वात अरुण आणि गोल्डन माउंटच्या पायऱ्या ज्येष्ठांना झेपतील का? आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांबद्दल कुणी लिहा.

सुरंगी:
वात अरुणचं मुख्य प्राङ (मनोरा) चढायला पायऱ्या थोड्या पण अतिशय उभ्या, आणि उतरताना जास्त त्रास. ज्येष्ठांनी खालीच थांबून चिनी मातीच्या तुकड्यांचं काम पाहावं, ते जवळूनच छान दिसतं. तिकीट २०० बाट. वात फोसमोरच्या ता तिएन धक्क्यावरून पाच बाटची होडी पलीकडे सोडते. मावळत्या सूर्यासमोर वात अरुण पाहायचं असेल तर पूर्वेच्या, म्हणजे ता तिएनच्या काठावर राहा, सूर्य त्याच्या मागे जातो. अंधारल्यावर दिवे लागतात, तेही इथूनच.

गोल्डन माउंटला ३४४ पायऱ्या, पण बुटक्या आणि वळणावळणाच्या. मध्ये बसायला जागा आहे. सकाळी लवकर किंवा पाचनंतर जा. १०० बाट.

वात फो दुपारी ठेवा: ४६ मीटर लांब शयनबुद्ध छताखाली आहे, पंखे आहेत. तळपायांवर शिंपल्याच्या कामातली १०८ शुभचिन्हं. मागच्या बाजूला १०८ पात्रं, नाण्यांची वाटी घेऊन एकेक नाणं टाकत जायचं. तिकीट ३०० बाट. आवारातच थाई मालिशची पाठशाला, रस्त्यावरच्या दुकानापेक्षा महाग पण हात शिकलेले. ज्येष्ठांनी "बाव बाव" (हलकं हलकं) आधीच सांगावं. गुडघा किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर नकोच, त्यात अंग पिळतात आणि पाठीवर भार देतात.

खारीक_खोबरं:
संध्याकाळचे कार्यक्रम. खोन आणि मुए थाय (थाई मुष्टियुद्ध).

राजवाड्याच्या तिकिटावरचा खोन म्हणजे चव घेण्यापुरता. पूर्ण खोन पाहायचा तर नोव्हेंबरच्या सुमाराला थायलंड कल्चरल सेंटरमध्ये मोठी निर्मिती होते, त्या नावाचं एमआरटी स्टेशन आहे. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालली तर तुमचं नशीब, तारखा पाहा. मुखवटे घातलेले नट बोलत नाहीत. संवाद आणि निवेदन बाजूला बसलेले गायक म्हणतात आणि भाव सगळा मान, खांदे, पायांच्या ठेक्यातून. बसण्याची जागा म्हणून मधल्या रांगा घ्या, पहिल्या रांगेतून पायाचं काम दिसत नाही. राजगीत वाजलं की उभं राहायचं, सिनेमागृहातही. रस्त्यावर आणि स्टेशनांत सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला राष्ट्रगीत लागतं तेव्हाही.

मुए थायसाठी राजदमनर्न स्टेडियम, १९४५ पासूनचं. तिकीट त्यांच्या साइटवरून किंवा खिडकीवर घ्या, बाहेरचे दलाल महागातलं रिंगसाइड विकतात. रिंगसाइडला चेहरे दिसतात. मागच्या स्तरावर सट्टा लावणारे दिसतात, आणि तोच अर्धा खेळ आहे. लढतीआधीचा वाई क्रू नाच हा गुरूला नमस्कार, तो चुकवून उशिरा येऊ नका. वाद्यं रिंगशेजारीच: सनईच्या घराण्यातलं पी, दोन ढोल, टाळ. फेरी तीन मिनिटांची, पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिल्या दोन फेऱ्या संथ वाटतात आणि पर्यटक कंटाळून मोबाइल काढतात. तेव्हा दोघं एकमेकांना जोखत असतात आणि सट्ट्याचे भाव ठरत असतात. तिसरी-चौथी फेरी निकाल लावते. पाचवीत पुढे असलेला नुसता पाय नाचवत वेळ काढताना दिसेल. ठोशापेक्षा लाथ आणि गुडघ्याला वजन जास्त, आणि मार बसल्यावर तोल गेला का हे परीक्षक पाहतात. हे माहीत असेल तर निकाल कोड्यात पाडत नाही.

आडवाटेचा:
आता रात्र. थोडं स्पष्ट लिहितो, कारण या विषयावर आपल्याकडे एकतर खिदळतात नाहीतर गप्प बसतात.

बँकॉकची रात्र एक नाही. नाना (सुखुमवित सोई ४, सोई म्हणजे गल्ली), सोई काउबॉय आणि पातपोंग हे लाल दिव्यांचे पट्टे. नुसतं बघायला जायचं असेल तरी तीन गोष्टी पाळा: फोटो काढू नका, रस्त्यावर तक्ता दाखवून "शो फ्री, बिअर १०० बाट" म्हणणाऱ्याच्या मागे वरच्या मजल्यावर चढू नका, आणि प्रत्येक पेयाची पावती लगेच वाचा. बारमध्ये पावत्या टेबलावरच्या पेल्यात खोचत जातात, बिल त्यांची बेरीज. वरच्या मजल्यावरचं बिल काही हजारांत येतं आणि दार बंद असतं. असं झालंच तर हुज्जत न घालता ११५५. आपल्याकडच्या पुरुषांच्या टोळक्यांनी इथे बरंच नाव कमावलंय, काही ठिकाणी दारातच थंड वागणूक मिळते त्याचं ते एक कारण.

चायनाटाउनमध्येही एक सोई नाना आहे, हुआलाम्फोंग स्टेशनजवळ. जुन्या चिनी घरांत छोटे, देखणे बार. या दोघांत गल्लत होते. टॅक्सीला नुसतं "नाना" म्हटलंत तर तो सुखुमवितला नेणार, "याओवरात" जोडा.

खाओ सान रोड म्हणजे पाठपिशवीवाल्या परदेशी पोरांचा गोंगाट, स्वस्त बादलीतली दारू. एक चक्कर पुरे. समांतर रंबुत्री गल्ली बरी. जवळ रेल्वे नाही हे लक्षात ठेवा.

थाई तरुण जातात थोंगलो, एक्कमाई आणि आरसीए या पबच्या भागांत. तिथली पद्धत आपल्या पबपेक्षा वेगळी. नाचायची वेगळी जागा नसते, टेबल घ्यायचं, बाटली, सोडा आणि बर्फ मागवायचा आणि टेबलाभोवतीच उभं राहून नाचायचं. आधी बँड, नंतर डीजे. दोघांनी बाटली घेणं महागात पडतं, बिअर-टॉवर चालतो का विचारा. प्रवेश २० वर्षांपुढे. वय चाळीस दिसलं तरी ओळखपत्र मागतात, आणि मोबाइलमधला फोटो प्रत्येक ठिकाणी चालत नाही. चप्पल-हाफपँट दारात अडते. परवान्यानुसार बंद व्हायची वेळ बहुतेक ठिकाणी २, डिसेंबर २०२३ पासून काही ठिकाणी ४.

माझं मत विचाराल तर पहिली रात्र व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळच्या सॅक्सोफोन पबला द्या. जॅझ-ब्लूज, रोज एकापेक्षा जास्त बँड, जागा लाकडी आणि दाटीची. वरच्या मजल्यावरून वादक दिसतात.

वांगीपोहे:
रूफटॉप बार राहिले की! त्याशिवाय बँकॉक कसलं?

आडवाटेचा:
@वांगीपोहे, बड्या हॉटेलांच्या गच्चीवर एक कॉकटेल साधारण ५०० ते १००० बाट, आणि किमतीपुढे "++" असेल तर १० टक्के सेवा आणि ७ टक्के कर वेगळा. अंधारात खाली फक्त दिव्यांचे ठिपके दिसतात. जायचंच तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, पायात बूट. त्यापेक्षा ता तिएनजवळच्या तीन-चार मजली इमारतींच्या गच्च्यांवरून समोरचं वात अरुण उजळताना दिसतं, खर्च कमी. जागा मात्र आधी राखून ठेवा.

कमळकाकडी:
ज्येष्ठांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी रात्रीची दोन ठिकाणं. याओवरात: एमआरटीचं वात मंगकोन स्टेशन, सहानंतर गाड्या लागतात. सोमवारी बरेच फेरीवाले नसतात, तो दिवस टाळा. आणि पाक ख्लोंग तालात हा फुलबाजार, सनाम चायपासून जवळ. चोवीस तास उघडा, पण खरा मध्यरात्रीनंतर, ट्रक उतरतात तेव्हा. झेंडू, कमळाच्या कळ्या, मोगऱ्याचे विणलेले गजरे (फुआंग मालाय). दादरच्या फुलबाजारापेक्षा कोरडा आणि चालायला सोपा. परतीला ॲपची गाडी.

नळस्टॉप:
गणपतीचं मोठं देऊळ आहे म्हणतात ते कुठे?

खारीक_खोबरं:
शहरात अनेक आहेत, "फ्रा फिकानेत" विचारा. थाई लोक त्याला कलांचा देव मानतात, ललितकला खात्याच्या चिन्हावरही तोच. चिट लोम स्टेशनबाहेर राचप्रासोंग चौकात देवांची रांगच आहे: एरावान हॉटेलाशी चतुर्मुख ब्रह्मा (१९५६, हॉटेल बांधताना अपघात होत राहिले म्हणून बसवलेला), सेंट्रलवर्ल्डसमोर त्रिमूर्ती आणि गणपती, गेसॉर्न मॉलच्या वरच्या मजल्यावर लक्ष्मी, शिवाय गरुडारूढ नारायण आणि इंद्र. तासाभरात सगळे होतात. एरावानला नवस फेडायला लोक नर्तिकांकडून नाच करवतात, तो कुणीही पाहू शकतो. गुरुवारी रात्री त्रिमूर्तीपुढे लाल गुलाब घेऊन प्रेमात पडलेल्यांची गर्दी.

याहून वेगळं पाहायचं तर भव्य झोपाळ्याजवळचं (साओ चिंग चा) देवस्थान. राजपुरोहितांचं देऊळ, १७८४ चं. शिव, गणेश, नारायण अशी तीन दालनं. राज्याभिषेकाचे विधी अजून याच पुरोहितांकडे. झोपाळ्यावर झोके घेण्याचा विधी १९३५ ला बंद झाला, आता नुसते लाल खांब.

तुम्ही ऐकलंय ती ३९ मीटरची उभी कांस्यमूर्ती चाचोएंगसाओ प्रांतात, ख्लोंग खुएनला. बँकॉकच्या बाहेर, जाऊन-येऊन दिवस. चार दिवसांत त्यापेक्षा आयुत्थया घ्या: १७६७ ला उद्ध्वस्त झालेली राजधानी, ८० किलोमीटर, साधी गाडी अगदी स्वस्त. सकाळी सातच्या आत निघा.

तिकटी:
कागदपत्रं. २०२४ च्या जुलैत भारतीयांना ६० दिवसांची व्हिसामाफी लागू झाली, पण हे नियम सरकार बदलत असतं, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या साइटवर बघाच. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र (टीडीएसी) सक्तीचं आहे. पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं आणि फुकट आहे. शोधल्यावर वरती येणाऱ्या पैसे मागणाऱ्या साइट टाळा, सरकारी पत्त्याच्या शेवटी "गो डॉट टीएच" असतं. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि माणशी पुरेशी रक्कम दाखवायची तयारी ठेवा.

रुपये तिथे बदलू नका, दर पडका मिळतो. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या, लहान नोटांना दर कमी. एटीएम दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापतं. यंत्राने "रुपयांत रूपांतर करू का" विचारलं तर नाही म्हणा. व्हेप जवळ बाळगू नका, थायलंडमध्ये बंदी आहे, सामानात सापडली तरी अडचण. गांजाची दुकानं दिसतील, पण जून २०२५ पासून वैद्यकीय चिठ्ठी लागते, आणि तिथून काही भारतात आणणं म्हणजे थेट एनडीपीएस, आपला अमली पदार्थांचा कायदा. राजघराण्याबद्दल थट्टा नको, समाजमाध्यमांवरसुद्धा. कलम ११२ चा तुरुंगवास खरा आहे.

दर्यावर्दी:
बौद्ध सणांच्या दिवशी दुकानांत दारू मिळत नाही आणि बरेच बार बंद असतात: माखा बुचा, विसाखा बुचा (वैशाख पौर्णिमा), आसाल्हा बुचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षावासाचा आरंभ, मग आश्विन पौर्णिमेला समाप्ती. अधिक मासाच्या वर्षी आपल्या पंचांगाशी महिना जुळेलच असं नाही. निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळपासूनही बंदी. डिसेंबरात यातला कुठलाही सण येत नाही.

नळस्टॉप:
शेवटचा प्रश्न. बुद्धाची छोटी मूर्ती आणि खोनचा मुखवटा आणायचा आहे. विमानतळावर अडवतात का?

सुरंगी:
मुखवट्याला अडचण नाही, कागदाच्या लगद्याचा असतो, हातातल्या सामानात घ्या. बुद्धमूर्ती बाहेर न्यायला ललितकला खात्याचा परवाना लागतो. जुन्या मूर्तींचा विषयच सोडा. गळ्यात घालायच्या छोट्या ताईतांना सहसा कुणी विचारत नाही. मोठ्या दुकानातून घेतलीत तर परवान्याचं काम दुकानदारच करून देतो, पण त्याला काही दिवस लागतात. त्यामुळे खरेदी पहिल्या दिवशी करा, चौथ्या नाही. चातुचाक बाजारात घ्यायचा विचार असेल तर तो शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो, आणि तिथला विक्रेता परवान्याच्या भानगडीत पडणार नाही.